आडोसा

ॲम्ब्रोज मेटकाफची क्वाड बाइक आम्ही मार्चमध्ये उघडली,
स्वेलडेलमधल्या त्याच्या दगडी गोठ्यात.
एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला व्यायला टेकलेली मेंढी.
कार्ब्युरेटर निघाला. सायलेन्सर निघाला, गंजाचा भुगा सांडत.
इंजिन आढ्याला साखळी बांधून वर ओढलं
तर क्षणभर लोंबकळत राहिलं
काढलेल्या दाढेसारखं, मुळांसकट.
टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल त्याने मुरंब्याच्या बरणीत भरून
फळीवर ठेवलं. कशाला, ते मी विचारलं नाही.

माझ्या बापाचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं.
मागांच्या जळलेल्या मोटरी यायच्या, आणि दहा वर्षांची मी
तांब्याचे वेढे मोजत बसायची. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी,
चुकलं की पहिल्यापासून.
आता दवाखान्यात गोळ्या मोजते.
तुला यातलं काही कळतं का, असं ॲम्ब्रोजने विचारलं
तेव्हा माझ्याआधी हातच हो म्हणाले.

मोटर जुन्या फोर्कलिफ्टची. बॅटरी म्हणजे
ठोकरलेल्या एका विजेच्या कारमधले दहा डबे.
एकाला एक जोडत गेलो, व्होल्ट चढत गेले,
मी अंगठी काढून खिशात टाकली, बोलणं बंद केलं.
मोटर बसवायची प्लेट तीनदा कापली, तिसऱ्यांदाही
एक भोक केसभर चुकलं, त्याची कानशीने समजूत घातली.
कॉन्टॅक्टर टक् म्हणाला.
ॲम्ब्रोजने थ्रॉटल दाबला आणि गाडी
सरळ मागे, उकिरड्यात.
दोन वायरी उलट. बाप असता तर टपली मारली असती.

मग ती निघाली. म्हणजे, निघाली हे डोळ्यांनाच कळलं.
टायरखाली खडी करकरली, बस्स, तेवढंच.
मेंढ्यांनी मान वर केली नाही.
इंजिन आलं की खुराक आला, हे त्यांच्या पोटाला पाठ होतं.
आता माणूस पोतं घेऊन माळावर उभा
आणि एकही येईना. कुत्री तर त्याच्यावरच भुंकली.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून जाताना मला ऐकू आलं.
‘डोरीन, वरचं खिंडार वाढलंय.
डोरीन, मोडक्या शिंगाचीला जुळं झालं, त्यातलं एक
काही धड दिसत नाही...’
डोरीनला जाऊन सहा वर्षं झाली.
सहा वर्षं तो रोज बोलत आला असणार
त्या फटफटाटाच्या आडोशाला.
त्याने मला पाहिलं. वाक्य तिथंच राहिलं.
मी हवेबद्दल काहीतरी म्हटलं. तोही हवेबद्दल.

आमच्या गल्लीत माग दिवसरात्र चालायचे.
वीज गेली की एकदम
घराघरातली भांडणं ऐकू यायची, अर्ध्या वाक्यापासून,
मग लोक ओशाळून गप्प व्हायचे, वीज येईपर्यंत.
हे मला ठाऊक होतं. तरी मी दोन वायरी बदलून
घरी जाऊन शांत झोपले होते.

आठवडाभर तो मुकाट फिरला.
मग एका संध्याकाळी दारात, टोपी हातात:
‘आवाज बसवता येतो का?’
येतो, म्हटलं. छोटा स्पीकर मिळतो, हव्या त्या इंजिनाचा.
त्याने बराच वेळ टोपीची शिवण चाचपली.
‘नको. ते खोटं बोलणं झालं.’

दुसऱ्या दिवशी मागच्या कॅरिअरला पत्र्याची बादली,
तिच्यात जुन्या इंजिनाचे पाच बोल्ट.
मेंढ्या चार दिवसांत शिकल्या.
मी भिंतीकडची वाट सोडली आहे, ओढ्याकडून जाते, लांब पडतं.
तिकडूनही बादली ऐकू येते,
चढावर संथ, उतारावर घाईत,
आणि मधूनच, जमीन अगदी सपाट असते तिथे,
उगाचच जोरात.